गाडीचाच दोष

भाऊ ट्रकचा हॉर्न वाजवत नसत. डिचोलीच्या बाजारात रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लोक सवयीने हॉर्न दाबतात, आणि हा माणूस भरलेला टिपर घेऊन एखाद्या म्हशीच्या मागून मुकाट्याने रांगत यायचा. मागे गाड्या तुंबलेल्या, कोणी शिव्या घालतंय, कोणी डोकं बाहेर काढून ओरडतंय, भाऊ ढिम्म. म्हैस आपल्या मर्जीने बाजूला झाली की खिडकीतून तिला हात करून पुढे जायचे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "हॉर्न म्हणजे गाळ गो बाय. सकाळच्या पारार कोणाक गाळी घालीत फिरू?" गाळ म्हणजे आमच्याकडे शिवी.

भाऊ काही माझे भाऊ नव्हेत. वयाने ते माझ्या वडलांच्या बरोबरीचे. पण सगळं गाव भाऊ म्हणायचं, म्हणून मीही. माझं तिथे गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. वडील गेल्यावर मी काउंटरवर बसायला लागले, तेव्हा येणारं प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून आत डोकावून "कोण ना काय गो घरात?" असं विचारायचं. मी समोर धडधडीत बसलेली असूनही त्यांना कोणीतरी बाप्या हवा असायचा. भाऊंनी तसं कधी विचारलं नाही. पहिल्याच दिवशी मी त्यांना चुकीचा फॅनबेल्ट काढून दिला, तेव्हा त्यांनी मला चार माणसांत झाप झाप झापलं. माझ्या बापाला झापावं तसंच झापलं. मला त्याचं फार बरं वाटलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी जांभ्याचे चिरे भरायला जाण्याआधी त्यांची फेरी दुकानावर ठरलेली. हातात कागदात गुंडाळलेला गरम उंडो, म्हणजे आमचा गोल पाव, तो मोडून अर्धा माझ्यासमोर ठेवायचा आणि कोरी चाय मागवायची. मग कपाटातला नवा आलेला माल बघून एकेकाला नावं ठेवायची. पांढऱ्या लायटींवर त्यांचा विशेष राग. हल्ली सगळ्या ट्रकवाल्यांना कंपनीच्या पिवळ्या बल्बऐवजी बाहेरच्या एलईडी बसवायच्या असतात. भाऊ ते खोकं दोन बोटांत धरून परत ठेवत. "हो उजेड हॉस्पिटलात बरो. रस्त्यार घातलो तर रस्तो पयलो मरतलो." बाजूला एखादं गिऱ्हाईक तीच लायट घ्यायला उभं असलं तरी त्यांना त्याचं काही नसायचं. माझा धंदा त्यांनी किती बुडवला असेल, देव जाणे.

गाडीवर त्यांचा जीव होता, असं म्हटलं तर ते कमीच होईल. केबिनमध्ये चढताना चपला खाली काढून ठेवायचे आणि अनवाणी पायांनी गाडी चालवायचे. लोखंडाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या तालुक्यात ट्रक जागच्या जागी कुजले. कोणी भंगारात घातले, कोणाच्या टपावर वेली चढल्या. भाऊंचा ट्रक तेवढा रोज सकाळी सुरू व्हायचा. रिकामा ट्रक गावच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि परत आणून दारात लावायचा. डिझेल फुकट जातं म्हणून लोक हसायचे. "तिका दिसूंक नाका, आपणाक टाकली म्हणून," एवढंच ते म्हणत. पुढे पेडण्याकडे, मांद्र्याला हॉटेलांची बांधकामं निघाली आणि तिकडे चिऱ्यांच्या खेपा मिळायला लागल्या. भाऊ मूळचे चोपड्याचे. नदीकाठचा माणूस खाणीच्या मातीत येऊन पडलो, असं ते सांगत. आता खेप घेऊन जाताना आपल्या गावावरून जायला मिळतं, याचा त्यांना कोण आनंद झाला होता.

भाऊंचे डोळे जात होते.

कधीपासून, ते सांगता येणार नाही, कारण ते समोरून गेले नाहीत, कडेकडेने गेले. समोरचं त्यांना लख्ख दिसायचं. पण काउंटरवर बाजूला ठेवलेला चहा त्यांच्या कोपराने सांडायला लागला. दारात उभ्या माणसावर ते जाऊन आदळायचे आणि वर त्यालाच विचारायचे, "खंयसून आयलंस रे तू?" संध्याकाळी आभाळ भरून आलं की माझ्या दुकानाची पायरी पायाने चाचपायचे. मी एकदा धीर करून म्हटलं, "भाऊ, म्हापशाला डोळ्यांचा चांगला डॉक्टर आहे."

"डोळ्यांक किदें जालां माज्या?" असं म्हणून त्यांनी समोरचं रिलेचं खोकं उचललं आणि त्यावरचा मुंगीएवढा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत घडाघडा वाचून दाखवला. मला तो चष्मा लावूनही वाचता आला नसता. मी खोकं घेऊन परत कपाटात ठेवलं.

पण आतून तेही घाबरले होते, हे आता कळतं. डोळे गेले म्हणजे गाडी गेली, हा हिशेब काही अवघड नव्हता. मूलबाळ नव्हतं. घरी वहिनी आणि दारात ट्रक, एवढाच संसार. ट्रक दुसऱ्याच्या हाती द्यायचा ही गोष्ट त्यांच्यापाशी कोणी काढूच शकत नव्हतं. तेव्हा त्यांनी दोष गाडीवर ढकलला. लायट पडत नाही, म्हणून दिसत नाही. असं एकदा ठरवल्यावर त्यांना जरा हुशारी आली.

त्यातच पोदेराची भानगड झाली. सायकलवर पावांची टोपली बांधून घरोघर फिरणारा हा आमचा पाववाला. पुरतं उजाडलं नव्हतं, धुकं होतं. तो डाव्या बाजूच्या पाणंदीतून भोंगा वाजवत रस्त्यावर आला आणि भाऊंच्या ट्रकचा मडगार्ड त्याच्या सायकलला लागला. तो गटारात पडला म्हणून वाचला. सायकलचं चाक मात्र दुमडलं आणि टोपलीतले पाव रस्ताभर झाले. दुपारी तो माझ्या दुकानात येऊन मोठमोठ्याने सांगत होता. सांगता सांगता त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"बाय, तो देंवलो आनी पाव पुंजावंक बसलो. हांवें म्हळें, रावूं दी ते. पूण तो आयकना. मुखार आसले ते पुंजायले. कडेन आसले ते तशेच सोडले गो ताणें. हाताक लागले तितलेच वयर काडले." पुंजावप म्हणजे गोळा करणं. मग म्हणाला, "हांव रागान बोलूंक गेल्लों. तोंडातल्यान उतरच फुटलें ना."

त्याच दिवशी भाऊ आले. उंडो नव्हता, चहा नको म्हणाले. उभ्याउभ्याच म्हणाले, "तुज्याकडे सगळ्यात पांढरी लायट खंयची आसा, ती दी."

मी ती काढून दिली. मला ते खोकं त्यांच्या हातात देताना अगदी जिवावर आलं होतं.

माझ्या दुकानाच्या मागे पत्र्याची मोठी शेड आहे. तिथे गाड्यांची वायरिंग करणारा एक मेस्त होता. आमच्याकडे कारागिराला मेस्त म्हणतात. हा मेस्त हाताने बरा होता आणि तोंडाने त्याहून बरा. प्रत्येक बिघाडाबद्दल त्याच्याकडे सकाळी एक मत असायचं आणि दुपारी दुसरं, आणि दोन्ही वेळा तो तितक्याच जोरात शपथ घ्यायचा. त्याने भाऊंच्या पिवळ्या लायटी उतरवल्या आणि नव्या चढवल्या. तोंडदेखला नारळ फोडला. स्विच मारला, तर लायट लागली ती देवापुढच्या समईएवढी.

मग सुरू झाला तो तपास. इंजिनाचा वेग वाढवला की लायट जरा वाढायची, कमी केला की मलूल व्हायची. साइड द्यायचा दिवा लावला की हेडलाइटही त्याच्याबरोबर डोळे मिचकवायची. फुल लायट मारली तर उजेड वाढायच्या ऐवजी आणखी कमी. मेस्त म्हणाला फ्यूज. फ्यूज बदलला. मग म्हणाला रिले. रिले बदलला. मग स्विच जळला म्हणून नवा स्विच, मग वायर बारीक पडते म्हणून जाड वायर. बॅटरी तपासली, डायनॅमो उतरवून तपासला. खोक्यात लायटच खराब आली असेल म्हणून मी दुसरी काढून दिली. ती तर पहिलीपेक्षा मंद.

दुसऱ्या कुठल्याही ट्रकवाल्याने एव्हाना मेस्ताच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. भाऊ चिडले नाहीत. तेच मला चमत्कारिक वाटायला लागलं. मेस्ताने नवीन काही सुचवलं की त्यांचा चेहरा उजळायचा. "हां! हांचोच दोष. हांव कधीसून सांगतां." तो भाग बदलून काही उपयोग झाला नाही की मग स्वतःच दुसरा भाग सुचवायचे. बिघाड सापडत नव्हता तोवर आशा होती. मला हे तेव्हा इतकं स्पष्ट कळलं नव्हतं, पण त्या माणसाचा तो उत्साह बघवत नसे.

आणि या सगळ्यात खेपा चालूच होत्या. त्या कशा चालू होत्या, ते वहिनींनी सांगितलं.

वहिनी कधी दुकानात येत नसत. एका सकाळी एकट्याच आल्या आणि बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. "बाय, हांव आता तेंच्या बरोबर गाडयेत बसतंय," त्या म्हणाल्या. मला आधी काही कळेना. लग्नापासून जी बाई ट्रकच्या केबिनमध्ये चढली नव्हती, ती आता रोज चिऱ्याच्या खाणीपासून मांद्र्यापर्यंत त्यांच्या शेजारी बसून जात होती. "डावेकडे सायकल आसा, म्हणून सांगतंय. उजवेकडे शाळेची भुरगीं आसत, म्हणून सांगतंय. ते म्हणतत, माका दिसता, तू वगी ऱ्हव. आनी मागीर माज्याच तोंडाकडे कान लावन चलयतत." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "एक दीस हांव सांगूंक चुकतलंय गो. कोणाचां तरी भुरगां मरतलां. तुमी सांगा तेंका. तुमचां आयकतत."

माझं ते ऐकत असते तर काय हवं होतं? मी सांगून पाहिलं. त्यांनी मला पुन्हा एकदा खोक्यावरची अक्षरं वाचून दाखवली.

शेवटी वहिनींनी देवीची आण घातली. आमच्याकडे अडलं नडलं की ग्रामदेवीचा प्रसाद घेतात. मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवतात, भटजी गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न, घर, जमीन, कोर्टकचेरी, सगळं त्या कळीवर चालतं. भाऊ एरवी डॉक्टरला जुमानत नसत, पण देवीला नाही म्हणणारे नव्हते. वहिनींना वाटलं, आता सुटका झाली.

फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. प्रश्न घालायचा मान घरच्या कर्त्याचा.

भाऊंनी भटजीला सांगितलं, "विचार देवीक, गाडयेच्या लायटींत दोष आसा काय? आसा तर उजवी दी."

कळी उजवी पडली. भटजी सांगतो, इतक्या पटकन पडली की गाऱ्हाण्याचे शब्द तोंडात राहिले. भाऊ देवळातून थेट दुकानात आले. त्यांना मी इतके खूश कधी पाहिले नव्हते. "आयकलंस? देवी सांगता, गाडयेचोच दोष!" वहिनी मागे उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "विचारपाचां तां विचारलांच ना. देवी तरी किदें करतली?"

आणि देवी काही खोटं बोलली नव्हती. दोष गाडीतही होताच.

तो सापडला त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की शेडमध्ये भरदुपारी दिवे लावावे लागले. मेस्ताची सगळी मतं संपली होती. म्हणून तो निमूटपणे मीटर घेऊन एकेक वायर तपासत बसला होता. दिव्यात गेलेली वीज बॅटरीकडे परत येते ती गाडीच्या लोखंडातून. त्यासाठी दिव्याची काळी वायर सांगाड्याच्या एका बोल्टला आवळलेली असते. मेस्ताने तो बोल्ट नखाने खरवडला आणि शीळ घातली. लोखंड दिसेचना. नुसता रंग निघत राहिला, थरावर थर.

हे काम भाऊंचंच. खाणीची माती आणि आमचा पाऊस, दोन्ही मिळून लोखंड खातात, म्हणून दर पावसाळ्याआधी ते गाडीखाली गोणपाट अंथरून, पाठीवर निजून, सांगाड्याला स्वतःच्या हाताने गंज रोखणारा लाल रंग द्यायचे. कोपरा न् कोपरा, नट, बोल्ट, काही सोडायचे नाहीत. वर्षानुवर्षांचा तो रंग इतका जाड झाला होता की मेस्ताने वायर आवळली होती ती लोखंडावर नव्हे, भाऊंच्या मायेवर. जुन्या वायरी वर्षांपूर्वीच लोखंडाला टेकलेल्या होत्या, त्यांच्यावरून नुसता रंग फिरला होता. नव्या लायटीची वायर मात्र रंगावरच बसली.

मेस्ताने कानस घेऊन बोल्टाखालची जागा चकचकीत केली, वायर लावली, नट आवळला. "शटर ओढा," तो म्हणाला. मी शटर खाली ओढलं. शेडमध्ये काळोख झाला. त्याने स्विच मारला आणि समोरची अख्खी भिंत पांढरीफटक पडली. भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी मला लांबून वाचता आली. मेस्त तर टाळ्या पिटायला लागला. वहिनी हात जोडून उभ्या होत्या.

भाऊ बंपरला टेकून भिंतीकडे बघत होते. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "पळय, पळय! हांव काय सांगत होतंय? देवी फट उलयता?" मग म्हणाले, "आनी ही खंय गेली? तिका बोलय रे. तिका पळोवंदी."

वहिनी त्यांच्या डाव्या हाताशी उभ्या होत्या. खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. त्यांच्या लुगड्याचा काठ त्या उजेडात चकाकत होता.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. वहिनीच शेवटी म्हणाल्या, "हांगाच आसंय मगे."

भाऊंनी आख्खी मान वळवली, तेव्हा त्या त्यांना दिसल्या. मग ते पुन्हा भिंतीकडे वळले. पुन्हा वहिनींकडे. असं सावकाश त्यांनी कितीदा तरी केलं. हसू कधी गेलं ते कळलं नाही. "बरी लागली हां, मेस्ता," ते म्हणाले, आणि वहिनींचा दंड धरून बाहेर पावसात निघून गेले. मी छत्री घेऊन मागे धावले, तर त्यांनी नको म्हणून हात केला. गाडी त्या दिवशी शेडमध्येच राहिली.

दुसऱ्या सकाळी मी दुकान उघडायला आले, तर दोघं आधीच शेडच्या दारात बसलेले. मेस्तही तेवढ्यात आला. "परत मंद पडली मरे लायट," भाऊ जमिनीकडे बघत म्हणाले. मेस्ताने स्विच मारला. खरंच, तीच समईची ज्योत. तो पुटपुटत गाडीखाली घुसला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा त्याने मला डोळ्यांनी खूण केली. मी वाकून बघितलं. नट ढिला होता. कालच त्याने दात ओठ खाऊन आवळलेला नट. पान्याचा ताजा ओरखडा त्याच्यावर दिसत होता.

भाऊंचे हात मांडीवर होते. नखांत लाल रंग भरला होता.

मी तोंड उघडणार होते. मेस्त माझ्या आधी बोलला. ज्या माणसाला गप्प बसवायला मला एरवी दरडावावं लागायचं, तो त्या दिवशी अगदी हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, दोष खोल आसा. सोदूंक वेळ लागतलो. गाडी हांगाच ठेवची पडतली."

"ठेय," भाऊ म्हणाले. "माका घाई ना."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. मला रडू आलं, ते मी बॅटऱ्यांवरची धूळ झाडायच्या निमित्ताने आत जाऊन उरकलं. त्या क्षणी मला मेस्ताचे पाय धरावेसे वाटले. आजही वाटतात.

गाडी नाही, म्हणून हाताशी वेळ होता, म्हणून मग भाऊ डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने सांगितलं की हा रोग कडेने खात येतो, म्हणून माणसाला बारीक अक्षर वाचता येतं आणि शेजारचं माणूस दिसत नाही. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं औषधाच्या थेंबांनी टिकलं तर टिकेल. वहिनींनी हे सगळं मला सांगितलं. भाऊंनी त्यातला एक शब्द कधी काढला नाही.

पण त्यांची सकाळची फेरी चुकली नाही. आता दोघं बसने यायची. उंडो पुन्हा यायला लागला. चहा झाला की भाऊ शेडमध्ये जाऊन विचारायचे, "मेळ्ळो रे दोष?" आणि मेस्त मीटरच्या तारा हातात घेऊन गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "ना हो भाऊ. आज वायपराची लायन तपासतां." भाऊ त्यावर विचार करत. "वायपराची न्हय दिसता. हीटराची पळय." दोघं त्यावर तावातावाने वाद घालत. मीही मधूनच एखादा रिले नेऊन देत असे आणि संध्याकाळी परत आणत असे. नाटक तिघांचं चाललं होतं आणि प्रेक्षक कोणी नव्हतं. वहिनी बाहेर स्टुलावर बसून भाजी निवडायच्या. कधी कधी भाऊ केबिनमध्ये चढून इंजिन सुरू करत आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहत. धुराने माझ्या दुकानात खोकला यायचा. मी एकदाही तक्रार केली नाही, आणि तक्रार न करणं हा माझा स्वभाव नव्हे.

असे दिवस बरे म्हणायचे की वाईट, मला ठरवता येत नाही. भाऊ हळूहळू पायरीवर वहिनींचा हात धरायला लागले. मग सपाट जमिनीवरही. उंडो मोडताना अर्धा भाग माझ्यासमोर ठेवायचा तो काउंटरच्या कडेवर ठेवत आणि तो खाली पडे. मी तो उचलून खात असे.

पुढे मेस्ताला आखातात नोकरी लागली. जाताना त्याने माझ्याकडे बघून गाडीकडे मान वळवली, एवढंच. त्याच्या जागी सावंतवाडीकडचा एक माणूस आला. तिशीतला, उत्साही, कामाला वाघ. त्याला सगळं समजावून सांगायचं मी योजलं होतं. पण कोणत्या तोंडाने आणि काय सांगायचं, ते ठरेना, म्हणून आज उद्या करत राहिले.

एका सकाळी भाऊ माझ्यासमोर चहा पीत होते आणि तो माणूस हात पुसत, हसत दुकानात आला.

"काकानू, तुमची गाडी झाली! काय नाय ओ, अर्थिंगचो नट ढिलो होतो. मी आवळलंय. एवढ्याशासाठी गाडी इतकी अडकान ऱ्हवली?"

मी त्याच्याकडे असं बघितलं की तो चपापला. बाहेर वहिनींचे हात भाजीत थांबले.

भाऊंनी कप खाली ठेवला. "लागता?" त्यांनी विचारलं.

"लख्ख लागता. येवा, बघा."

भाऊ उठले. वहिनी पुढे आल्या, पण भाऊंनी त्यांचा हात घेतला नाही. भिंतीला धरून, पाय घासत ते शेडपर्यंत गेले. मी मागोमाग. लायट चालूच होती. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि हात पुढे करून त्यांनी काचेवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. नंतर त्या माणसाच्या दिशेने म्हणाले, "बरां केलंस. काम बरां आसा तुजां." तो बिचारा अवघडून उभा होता.

मग ते माझ्याकडे वळले. मी होते तिथे नाही, जरा बाजूला बघत म्हणाले,

"बाय, तुज्याकडे गिरायकां येतत. कोणाक गाडी विकत जाय आसली तर सांग." वर म्हणाले, "लायटी बऱ्यो आसत म्हणून सांग."